अण्णांची इस्त्री का तापेना? व्होल्ट आणि अँपिअर मोजून रोध आणि वॅट काढण्याची रीत

मे महिन्यातल्या एका दुपारी अशोक चौकाजवळ लाँड्री चालवणाऱ्या अण्णांनी मला हाक मारली. "मास्तर, कॉइल बदलून द्या की हो. तापतच नाही बघा. सुती शर्टावर चार वेळा फिरवली तरी सुरकुती हलत नाही." दोन महिन्यांत त्यांनी ही दुसरी कॉइल बसवली होती. मी इस्त्री उघडली नाही. पिशवीतून क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा मीटर, काढला, इस्त्री चालू ठेवायला सांगितली आणि दोन आकडे घेतले: २०४ व्होल्ट, ३.८६ अँपिअर. त्यांच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानावर एक भागाकार आणि एक गुणाकार केला. इस्त्री ठणठणीत होती. बिघाड तिच्यापासून २० मीटर लांब होता.

हे दोन आकडे कसे घ्यायचे, त्यातून उरलेले दोन कसे काढायचे आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, ते इथं पायरीपायरीनं सांगतो. गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. माणसं चुकतात ती मोजण्यात, आणि हे गणित कुठं लागू पडत नाही ते न ओळखण्यात. म्हणून त्या दोन जागी मी जास्त वेळ थांबणार आहे.

चार राशी, दोन सूत्रं

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. अँपिअर म्हणजे वायरमधून वाहणारा प्रवाह, ज्याला आपण करंट म्हणतो. ओहम हे रोधाचं, म्हणजे रेझिस्टन्सचं माप: तेवढ्याच दाबाला कमी प्रवाह जाऊ देणारी वस्तू जास्त रोधाची. आणि वॅट हे शक्तीचं माप, म्हणजे दर सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते, ते.

रोध = व्होल्ट ÷ अँपिअर
शक्ती = व्होल्ट × अँपिअर

पहिलं सूत्र ओहमचा नियम म्हणून आपण शाळेत शिकलो. जर्मनीतल्या गेओर्ग झिमोन ओहम या शिक्षकानं तो १८२७ साली पुस्तकरूपानं मांडला. त्याच्या प्रयोगातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब प्रयोग चालू असतानाच घसरायचा, त्यामुळे आकडे जुळेनात. शेवटी त्यानं दोन धातूंच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला, तेव्हा नियम दिसला. आपल्या सॉकेटातला दाबही स्थिर नसतो. सोलापुरात मे महिन्यात दुपारी तीनला घरोघरी कूलर आणि एसी चालू असताना मिळणारा दाब आणि पहाटे पाचचा दाब यांत चांगलाच फरक पडतो. म्हणून सकाळी मोजलेले व्होल्ट आणि दुपारी मोजलेले अँपिअर एकत्र करून केलेला हिशोब फुकट जातो. दोन्ही आकडे एकाच वेळी, वस्तू चालू असताना घ्यायचे. या लेखातलं एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

दोन सूत्रं एकमेकांत घातली की आणखी दोन निघतात, आणि कामात तीच जास्त उपयोगी पडतात:

शक्ती = अँपिअर × अँपिअर × रोध
शक्ती = व्होल्ट × व्होल्ट ÷ रोध

मोजायला बसण्याआधी

एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि एक क्लॅम्प मीटर हवा. काही जुने वायरमन त्याला टाँग टेस्टर म्हणतात. मीटरवर आणि त्याच्या वायरींवर 'कॅट थ्री, ६०० व्होल्ट' असं छापलेलं असेल तरच तो घरच्या बोर्डावर लावा. रस्त्यावर मिळणारा अगदी स्वस्त मीटर १२ व्होल्टच्या कामाला ठीक आहे, २३० ला नको.

पहिला सरावही २३० वर नको. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि हेडलाइटचा ३५ वॅटचा बल्ब घ्या. बल्ब पेटलेला असताना बॅटरीवर समजा १२.४ व्होल्ट आले. करंटसाठी मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, एक तार सोडवा आणि मीटर तिच्या जागी ओळीत जोडा. २.८ अँपिअर आले, तर रोध १२.४ ÷ २.८, म्हणजे सुमारे ४.४ ओहम, आणि शक्ती १२.४ × २.८, म्हणजे सुमारे ३५ वॅट. पेटीवरच्या आकड्याशी जुळलं. असं चार-पाच वेळा केलं की हात बसतो.

आता इथली सगळ्यात घातक चूक सांगतो. करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या भोकातच राहते आणि माणूस त्याच अवस्थेत सॉकेटमधले व्होल्ट मोजायला जातो. त्या भोकातून मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो. म्हणजे तुम्ही फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी वायर) थेट एकमेकांना जोडलेत. मोठा आवाज होतो, मीटर फुटतो, हात भाजतो, डोळ्यांना इजा होऊ शकते. करंट मोजून झाला की आधी लाल वायर व्होल्टच्या भोकात परत आणायची आणि मगच मीटर खाली ठेवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. घरच्या २३० वर तर मल्टिमीटर ओळीत जोडून करंट मोजूच नका. त्यासाठी क्लॅम्प आहे.

हाच हिशोब एकदा स्वतःच्या शरीरालाही लावून बघा. ओल्या अंगाचा रोध १००० ओहमच्या आसपास धरतात. २३० ÷ १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, म्हणजेच २३० मिलिअँपिअर. आपण ज्याला ईएलसीबी म्हणतो ते घरातलं यंत्र ३० मिलिअँपिअरला लाइन तोडतं, कारण त्याच्या वर हृदयाला धोका सुरू होतो. आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या बटणाला, या ०.२३ अँपिअरचा पत्ताही लागत नाही. "एमसीबी आहे की, काही होत नाही," असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा भागाकार स्वतःच्या हातानं करावा. पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना पिन सॉकेटमधून काढायची. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण बोर्डात कुणी उलटी वायर जोडली असेल तर बटण बंद करूनही फेज कूलरपर्यंत पोचलेला असतो.

पायरी १: चालू वस्तूवरचे व्होल्ट

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. शक्य असेल तर वस्तू ज्या बोर्डाला लावली आहे त्याच बोर्डातल्या शेजारच्या सॉकेटमध्ये दोन्ही टोकं घाला. बोटं टोकाच्या कडेच्या मागे असू द्या, पायात रबरी चप्पल असू द्या.

आधी वस्तू बंद ठेवून आकडा घ्या, मग चालू करून. दोन्ही लिहून ठेवा. अण्णांच्या सॉकेटवर इस्त्री बंद असताना २२५ होते, चालू केल्यावर २०४. विजेच्या मीटरच्या पेटीजवळ मात्र इस्त्री चालू असतानाही २२५ च होते. ही २१ व्होल्टची घसरण हाच पहिला धागा. नुसते बंद असतानाचे व्होल्ट बघून परत गेलो असतो, तर "सप्लाय चांगलाय" म्हणून तिसरी कॉइल बसवली गेली असती.

पायरी २: करंट, एका वेळी एकाच वायरचा

क्लॅम्पचा जबडा पूर्ण केबलभोवती अडकवला तर आकडा शून्य येतो. एका वायरमधून करंट जातो तेवढाच दुसरीतून परत येतो आणि दोघांचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना मारतं. म्हणून जबड्यात फक्त फेज किंवा फक्त न्यूट्रल हवी.

यासाठी मी हातभर लांबीची एक खास जोडणी करून ठेवली आहे. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला सॉकेट, आणि मध्ये तीन सुट्या, पूर्ण इन्सुलेशन असलेल्या वायरी. वस्तूची पिन त्यात घालायची आणि सुट्या फेजभोवती क्लॅम्प लावायचा. काही सोलायला नको, काही तोडायला नको. घरी एखाद्या जाणत्या वायरमनकडून अशी एक जोडणी करून घ्या, जन्मभर उपयोगी पडेल.

मोबाइल चार्जर किंवा छोट्या बल्बसारखा करंट फारच कमी असेल तर ती सुटी वायर जबड्यातून १० वेळा गुंडाळा आणि आलेल्या आकड्याला १० नं भागा. क्लॅम्पमध्ये दोन-तीन टक्क्यांची चूक असतेच, तेव्हा दशांशामागच्या तिसऱ्या आकड्याच्या मागे लागू नका.

आणखी एक. इस्त्री आणि गिझरमधला थर्मोस्टॅट मधेमधे करंट बंद करतो. आकडा वस्तू थंड असताना चालू केल्यावर लगेच घ्यायचा. दिवा विझलेला असताना शून्य आला म्हणून कॉइल तुटली असं ठरवायचं नाही.

पायरी ३: भागाकार, आणि ५२,९०० ची युक्ती

अण्णांची इस्त्री: २०४ ÷ ३.८६ = ५२.८ ओहम.

आता हा आकडा बरा की वाईट, हे कशावरून ठरवायचं? इस्त्रीच्या पट्टीवरून. तिच्यावर २३० व्होल्ट, १००० वॅट छापलं होतं. तेव्हा २३० × २३० ÷ १००० = ५२.९ ओहम. म्हणजे कॉइलमध्ये काडीचाही दोष नव्हता.

२३० चा वर्ग ५२,९००. हा आकडा पाठच करून टाका. त्याला पट्टीवरच्या वॅटनं भागलं की तापणाऱ्या वस्तूचा रोध मिळतो. ७५० वॅटची इस्त्री: सुमारे ७०.५ ओहम. १५०० वॅटची पाण्याची कॉइल: ३५.३. २००० वॅटचा गिझर: २६.५. पट्टीवरचे वॅटही काटेकोर नसतात. तापणाऱ्या घरगुती उपकरणांना ५ टक्के जास्त ते १० टक्के कमी एवढी मुभा मानकानंच दिलेली आहे. म्हणजे १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध साधारण ५०.५ ते ५८.५ ओहमच्या दरम्यान कुठंही असला तरी ती चांगलीच समजायची.

पायरी ४: गुणाकार, म्हणजे खरे वॅट

२०४ × ३.८६ = ७८७ वॅट. पट्टीवर हजार, हातात ७८७. अण्णांची तक्रार शंभर टक्के खरी होती, फक्त संशयित चुकीचा होता.

दाब थोडाच कमी झाला तर उष्णता एवढी का घटते, ते व्होल्ट × व्होल्ट ÷ रोध या सूत्रात दिसतं. दाब कमी झाला की करंटही त्याच प्रमाणात कमी होतो, आणि शक्ती दोघांचा गुणाकार असल्यानं मार दुहेरी बसतो. २३० चे २०७ झाले, म्हणजे १० टक्के कमी, तर १००० वॅटची इस्त्री ८१० वर येते. उलट २५३ झाले तर १२१० वर जाते. मध्यरात्री दाब वाढलेला असताना पाण्याची कॉइल जळते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

पायरी ५: हरवलेले व्होल्ट शोधा

मीटरजवळ २२५, सॉकेटवर २०४. मधल्या वाटेत २१ व्होल्ट खर्च झाले आणि त्याच वाटेनं ३.८६ अँपिअर गेले. मग त्या वाटेचा रोध २१ ÷ ३.८६, म्हणजे सुमारे ५.४ ओहम, आणि तिथं जळणारी शक्ती २१ × ३.८६, म्हणजे ८१ वॅट. सूत्रं तीच. फक्त या वेळी ती वायरला लावली.

आता एवढी वायर होती का? तांब्याच्या वायरचा रोध ठरलेला असतो. दर हजार मीटरला, एकच्या (म्हणजे एक चौरस मिलीमीटरच्या) वायरचा सुमारे १८ ओहम, दीडच्या वायरचा १२, अडीचच्या वायरचा ७.४, चारच्या वायरचा ४.६. अण्णांनी मात्र दारापर्यंत अर्ध्या चौरस मिलीमीटरची, दिव्याच्या माळेला वापरतात तसली वायर ओढली होती. तिचा रोध हजार मीटरला सुमारे ३९ ओहम. अंतर २० मीटर, पण करंट जातो आणि येतो म्हणून ४० मीटर धरायचं. ०.०४ × ३९ = १.५६ ओहम. मग ५.४ मधून १.५६ गेले तर उरलेले जवळपास ३.९ ओहम कुठं होते?

एखाद्या सांध्यातच असणार. माळ्यावर चढून बघितलं, तर वायर मधेच तोडून नुसता पीळ देऊन जोडली होती आणि वर टेप. टेप वितळून काळा पडला होता. ३.८६ × ३.८६ × ३.९ म्हणजे त्या पिळात जवळपास ५८ वॅट तापत होते. साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे कपड्यांच्या गठ्ठ्यांवर, लाकडी माळ्यावर, दोन सोल्डरिंग आयर्न दिवसभर तापत ठेवल्यासारखं होतं. आग लागली नाही हे नशीबच. एमसीबी तरी कशी पडणार? करंट तर नेहमीपेक्षा कमीच होता. सैल सांधा एमसीबीला दिसत नाही. तो दिसतो फक्त या वजाबाकीत. म्हणून मी प्रत्येक घरी चालू आणि बंद असे दोन्ही व्होल्ट मोजतो, आणि तुम्हीही मोजावेत असं मला मनापासून वाटतं.

वायरचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ते २० अंश तापमानाचे आहेत, आणि मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखाली २० अंशांची वायर कुठंच नसते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. करंट वाहून वायर ६० अंशांवर पोचली तर रोध जवळपास १६ टक्के जास्त. गिझर किंवा एसीला एक माप जाडी वायर घाला असं मी म्हणतो, त्याचं कारण हे.

जिथं भागाकार फसवतो: गार बल्ब

बरेच जण वस्तू बंद करून, पिन काढून, मल्टिमीटर ओहमवर ठेवून रोध मोजतात. ही रीत चांगली आहे. फक्त वस्तूला लाइन अजिबात नको, नाहीतर मीटर जातो. इस्त्री, गिझर, पाण्याची कॉइल यांना ती चालते, कारण त्यांच्या कॉइलमधल्या नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. घरात १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब असेल तर त्याचा मोजून बघा. हिशोबानं ५२,९०० ÷ १०० = ५२९ ओहम यायला हवेत. मीटर दाखवेल ४० च्या आसपास. त्यावरून शक्ती काढली तर २३० × २३० ÷ ४० = १३०० वॅटच्या वर! बल्ब सदोष नाही आणि ओहमही चुकला नाही. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या वर जाते आणि तिचा रोध दहापटीहून जास्त वाढतो. जुने बल्ब बटण दाबल्याच्या क्षणीच का उडायचे, तेही यातून कळतं. त्या एका क्षणाला तारेतून पाच-सहा अँपिअर जातात.

मोटर आली की थांबा

आपल्या शहराचं पोट ज्या यंत्रमागांवर चालतं, तिथं हे गणित लावताना बहुतेकांची चूक होते. इस्त्रीचं गणित मोटरला जसंच्या तसं लागत नाही.

मोटरमध्ये तांब्याच्या गुंडाळीशिवाय चुंबकत्वाचाही विरोध असतो. तिथं व्होल्ट ÷ अँपिअर केलं तर येणारा आकडा नुसता रोध नसतो, रोध आणि चुंबकत्वाचा विरोध यांचा तो एकत्रित आकडा असतो. त्याला इम्पिडन्स म्हणतात. आणि व्होल्ट × अँपिअर म्हणजे वॅट नसतात, व्होल्ट-अँपिअर असतात. काही करंट नुसता जातो आणि परत येतो, काम करत नाही. खरे वॅट काढायला पॉवर फॅक्टरनं, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती त्या प्रमाणानं, गुणावं लागतं. थ्री फेज मोटरला सूत्र असं:

शक्ती = १.७३२ × दोन फेजमधले व्होल्ट × एका फेजचे अँपिअर × पॉवर फॅक्टर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मालकांनी मला विचारलं, "एका मागाला किती वीज लागते?" १ एचपीची लूम मोटर. दोन फेजमध्ये ४१० व्होल्ट, एका फेजमध्ये १.७ अँपिअर. १.७३२ × ४१० × १.७ = १२०७. त्यांनी लगेच धरलं, सव्वा किलोवॅट. तसं नाही. पॉवर फॅक्टर माहीत नव्हता, तो अंदाजानं लावण्यापेक्षा मोजणं बरं, आणि त्यासाठी वेगळं यंत्रही लागत नाही. विजेचा मीटर आपल्याजवळ असतोच.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी, तो आकडा छापलेला असतो. तिथं तो १६०० होता. एक युनिट म्हणजे १००० वॅट एक तास, म्हणजे ३६,००,००० ज्यूल (एक वॅट एक सेकंद म्हणजे एक ज्यूल). भागिले १६००, एका लुकलुकीला २२५० ज्यूल. बाकी सगळं बंद करून एकच माग चालू ठेवला आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर १० लुकलुकींना लागलेला वेळ मोजला: २८.८ सेकंद. २२,५०० ÷ २८.८ = ७८१ वॅट. हे खरे वॅट. ७८१ ÷ १२०७ = ०.६५, हा पॉवर फॅक्टर. मोटर पूर्ण भारावर नसली की तो असा खाली येतो. योग्य मापाचा कपॅसिटर लावला तर वायरमधला करंट कमी होतो आणि वायरमध्ये वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गानं कमी होते.

घरच्या सिंगल फेज मीटरवर ३२०० छापलेलं असेल तर एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. १० लुकलुकी १५ सेकंदांत झाल्या तर ७५० वॅट. एलईडी दिवे, टीव्ही, इन्व्हर्टर एसी यांच्याबाबतही व्होल्ट × अँपिअरपेक्षा हीच रीत जास्त खात्रीची.

एचपीबद्दल दोन शब्द. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ती मोटरच्या शाफ्टवर मिळणारी ताकद. लाइनमधून त्यापेक्षा जास्त वॅट घेतले जातात. सुरू होताना तर मोटर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. म्हणून सुरुवातीचा आकडा सोडून द्या आणि वेग स्थिर झाल्यावरचा घ्या.

मोटरमध्ये ओहम मोजण्याचा खरा उपयोग तुलनेसाठी. लाइन तोडून, स्टार्टरपासून तिन्ही वायरी सोडवून दोन-दोनच्या तीन जोड्या मोजा. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून जो ०.२-०.३ ओहम येईल तो वजा करा. तिन्ही जोड्या सारख्या आल्या तर वाइंडिंग बरी. एखादी स्पष्ट कमी असेल तर आतले वेढे एकमेकांना चिकटलेत. बॉडीकडे करंट उतरतो का ते मात्र मल्टिमीटरनं ठरवू नका. त्याला इन्सुलेशनचा रोध मोजणारा ५०० व्होल्टचा मेगर लागतो, आणि १ मेगाओहमच्या खाली आला तर मोटर चालवायची नाही.

बिलापर्यंतचा हिशोब

वॅट × तास ÷ १००० = युनिट. १८० वॅटचा कूलर रोज १० तास चालला तर दिवसाला १.८, महिन्याला ५४ युनिट. अण्णांच्या दुकानाचा मीटर २२५ × ३.८६, म्हणजे ८६८ वॅट मोजत होता आणि इस्त्रीला त्यातले ७८७ पोचत होते. इस्त्री पुरेशी तापतच नसल्यानं थर्मोस्टॅटही बंद होत नव्हता, म्हणजे तापण्याच्या दर १० तासांमागे ०.८१ युनिट नुसतं माळा गरम करण्यात जात होतं.

दुकानातली ही गोष्ट देशाच्या पातळीवरही तशीच आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिण भारताचं विजेचं जाळं उरलेल्या देशाशी एका तालात आलं. दाब एवढा प्रचंड कशाला? समजा १००० मेगावॅट न्यायचे आहेत आणि पॉवर फॅक्टर १ आहे. ७६५ किलोव्होल्टला एका फेजमध्ये सुमारे ७५५ अँपिअर लागतील. तेच ४०० व्होल्टनं न्यायचं म्हटलं तर १४ लाख अँपिअरच्या वर. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, हे तुम्ही आता स्वतः काढू शकता.

अण्णांचा बोर्ड

माळ्यावरचा पीळ काढून टाकला. मीटरपासून सॉकेटपर्यंत अडीचची सलग वायर टाकली, मधे सांधा नाही. नवे आकडे: २२४ व्होल्ट, ४.२३ अँपिअर. रोध ५३ ओहम, म्हणजे जवळपास होता तेवढाच. शक्ती ९४७ वॅट. कॉइल तीच.

ते दोन आकडे मी मार्करनं बोर्डाच्या झाकणावर लिहून ठेवले आणि अण्णांना चार ओळी सांगितल्या, त्याच तुम्हालाही सांगतो. पुन्हा तापेनाशी झाली तर आधी हे दोन आकडे घ्यायचे. व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही सारख्या प्रमाणात घसरले असतील तर रोध तोच येईल, म्हणजे इस्त्री चांगली आहे. मग मीटरजवळचे व्होल्ट बघायचे: तिथंही कमी असतील तर सप्लाय, तिथं बरोबर असतील तर मधली वायर. व्होल्ट पूर्ण आणि अँपिअर शून्य असतील तर कॉइल, थर्मोस्टॅट किंवा इस्त्रीची दोरी तुटली. व्होल्ट पूर्ण आणि अँपिअर ४.२३ पेक्षा बरेच जास्त असतील तर कॉइलचे वेढे चिकटलेत, त्याच मिनिटाला पिन काढायची. आणि व्होल्ट पूर्ण असून अँपिअर सव्वातीनच्या आसपास असतील, तर कुणीतरी १००० च्या जागी ७५० ची कॉइल बसवून दिली आहे.